संघपालचे डोळे

९ फेब्रुवारी १९७६

गल्लीत गोवर आला. आधी नळासमोरच्या घरातली दोन मुलं पडली, आज आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीतला पोरगा तापाने फणफणला. हिंगण्याहून कंपनीच्या बसने परतलो तेव्हा कौसल्या संघपालला कडेवर घेऊन दारातच उभी होती. गोवर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात कौसल्या आणि आमची थोरली गोपिका माझ्या आईकडे, रामटेकजवळच्या गावी होत्या. मी नुकताच रंगाच्या कारखान्यात लागलो होतो, सुटी मिळत नव्हती. गोपिका चार वर्षांची. गोवर निघाला, तो उतरतो न उतरतो तर हगवण लागली. आईने आणि गावातल्या बायांनी तिला नुसत्या पेजेवर ठेवलं. दूध, तेल, भाजी, सगळं बंद. कौसल्याने ऐकलं. मी पोचलो तोपर्यंत पोरीची बुबुळं पांढरी होऊन फुटली होती. नागपुरात मेडिकलच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंगात जीवनसत्त्व अ आधीच कमी होतं, उरलंसुरलं गोवराने संपवलं. थोडं आधी आणलं असतं तर डोळे वाचले असते.

संघपाल आता दीड वर्षाचा आहे. तो जन्मला त्याच दिवशी मी कौसल्याला सांगितलं होतं की याच्या खाण्यापिण्याचं, औषधाचं मी पाहीन, तू त्यात पडू नको. ती मान खाली घालून हो म्हणाली होती.

११ फेब्रुवारी

वाचनालयातून आहारशास्त्राचं पुस्तक आणलं. इंटर सायन्सपर्यंत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग. डोळ्याच्या मागच्या पडद्यात एक रंगद्रव्य असतं, त्याच्यामुळे अंधुक उजेडात दिसतं, आणि ते बनायला हे जीवनसत्त्व लागतं. कमी पडलं की आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं. मग डोळा कोरडा पडतो, मग बुबुळच विरघळतं. गोपिका गावी दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळून पडायची, असं आई सांगते.

पुस्तकात असंही लिहिलंय की हे जीवनसत्त्व यकृतात साठून राहतं आणि लागेल तसं शरीर ते काढून घेतं. हे वाचून फार बरं वाटलं. कणगी भरून ठेवल्यासारखं झालं हे. भरलेली असली म्हणजे गोवर येवो की दुष्काळ येवो.

सदरमधल्या एका दुकानातून माशाच्या तेलाच्या, भारी ताकदीच्या गोळ्या आणल्या. दुकानदाराने चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. रोज एक गोळी टाचणीने टोचून संघपालच्या तोंडात पिळायची असं ठरवलं. सकाळी कौसल्या नळावर जाते तेव्हा. तिच्यासमोर दिली तर रोज सकाळी तिला गावचं सगळं ऐकवल्यासारखं होईल.

(हे खरं कारण आहे का? अर्धं आहे. अर्धं असं की तिच्या हातून राहून जाईल, नाही तर ती पुन्हा कोणाचं तरी ऐकून बंद करेल, याची मला भीती वाटते.)

३ मार्च

शेजारचा पोरगा बरा झाला. संघपालला गोवर निघाला, पण अगदी बेताचा. दोन-तीन दिवस ताप, अंगावर थोडं पुरळ, आणि डोळे स्वच्छ. मी रोज टॉर्च लावून पाहत होतो. आज पुस्तक परत केलं. गोळ्या चालूच ठेवणार.

१४ एप्रिल

जयंती. आमच्या इंदोऱ्यात सकाळपासून लाऊडस्पीकर, निळे झेंडे, पोरंसोरं नवीन कपड्यांत. मिरवणुकीत संघपालला खांद्यावर घेतलं तर तो रडत सुटला. ढोल वाजला की डोक्याला हात लावायचा. शेवटी कौसल्याने त्याला घरी नेलं आणि मी गोपिकाचा हात धरून थांबलो. तिला सगळं ऐकायचं असतं: झेंडा कसा आहे, गाडीवर कोण बसलंय, बाबासाहेबांच्या फोटोला हार कोणत्या फुलांचा आहे.

संघपाल हल्ली फार चिडचिडा झालाय. दूध पुढे केलं की तोंड फिरवतो. ओठांचे कोपरे फाटलेत, पाठीची कातडी कोंड्यासारखी सुटते. कौसल्या म्हणते उन्हाळा. असेल. नागपूरचं ऊन मोठ्यांची कातडी सोलून काढतं, हे तर लेकरू.

२ मे

दारावर ओलं पोतं टांगलंय तरी खोली भट्टीसारखी तापते. संघपालचे केस उशीवर पडतात. विरळ झालेत, हाताला सुतळीसारखे लागतात. पुस्तकात वाचल्याचं आठवतं की जीवनसत्त्व अ कमी पडलं की कातडी कोरडी, खरखरीत होते. म्हणजे एवढं देऊनही पुरत नाही की काय? हा पोरगा जेवत नाही, मग नुसत्या गोळीने किती होणार.

दुसरी एक गोष्ट मनात आहे. कौसल्या रोज संध्याकाळी त्याला घेऊन बायजाबाईकडे जाते. बायजाबाई तिची मावशी, मागच्या गल्लीत एकटी राहते. दीक्षेच्या वेळी सगळ्यांबरोबर तिनेही देव नदीत सोडले होते, पण देवीचा एक टाक तिने पेटीत लपवून ठेवल्याचं लोक बोलतात. पोराच्या डोळ्यांसाठी या दोघी देवीपुढे काही करत असतील का? विचारायला तोंड उघडत नाही. विचारलं तर ती विचारेल, तुम्हाला असं का वाटलं, आणि मग गावच्या दिवसांपर्यंत जावं लागेल.

९ मे

आज तिच्या मागे गेलो. बायजाबाईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून संघपालचं रडणं आणि कौसल्याचा समजूत काढण्याचा आवाज, "एवढंच, राजा, झालं, झालं." दार आतून लावलेलं नव्हतं, बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. मी ढकललं नाही. कोपऱ्यावर विडी ओढत थोडा वेळ थांबलो आणि परत आलो.

ती घरी आली तेव्हा पोराच्या हनुवटीवर पिवळट तेलकट डाग होता. सकाळचं औषध बाहेर आलं असावं.

१७ मे

संघपाल चालायचा थांबला. परवापर्यंत भिंतीला धरून पूर्ण खोली फिरायचा. आता उभं केलं की पाय वर ओढून घेतो. डाव्या नडगीवर सूज आहे, हात लावला की किंचाळतो. गल्लीतल्या वैद्यांनी मुका मार म्हणून तेल दिलं. कौसल्या म्हणते पडला नाही, मी म्हणतो पडला असेल आणि तुझं लक्ष नसेल. ती उठून चुलीपाशी गेली. आपण काय बोललो ते तिची पाठ दिसल्यावर कळलं.

गोपिका संघपालजवळ बसून त्याच्या गालाचा वास घेत होती. मला म्हणाली, "बाबा, याच्या तोंडाले सकाळीबी मासोळीचा वास येते अन् संध्याकाळीबी."

मी म्हटलं, औषध आहे बेटा, दिवसभर वास राहतो.

"नाही. दुपारी नाही येत," ती म्हणाली.

६ जून

उलट्या. काल दोनदा, आज सकाळी पुन्हा. पोटात काही नसतं, तरी ओकतो. डोकं उशीवर घासतो.

त्याच्यापुढे चमचा धरला तेव्हा उजवा डोळा माझ्याकडे होता आणि डावा नाकाकडे वळला होता. टॉर्च लावली, बोट फिरवलं. डावा डोळा बाहेरच्या बाजूला जातच नाही.

डोळ्यांवर आलंच शेवटी. एवढं करूनही आलं. कौसल्या बाजूला उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा मी गावी पाहिला होता तसा झाला. नळावर न जाताच ती पोराला घेऊन बायजाबाईकडे गेली.

आजपासून दोन गोळ्या.

१२ जून

कारखान्यात रंगाचा एक नमुना चुकीचा पास केला. साहेबाने सर्वांसमोर झापलं. ओमप्रकाश माझ्या बाजूच्या टेबलावर काम करतो, त्याने मला मोटारसायकलवर बसवून घरापर्यंत सोडलं. वाटेत त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. मी म्हटलं, दोन पोरं आहेत म्हटल्यावर ते आधी नसबंदीचं विचारतात म्हणे, अमक्याला खाटेवरून उठू दिलं नाही, तमक्याची नोकरी अडली. त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "भाऊ, ते तुले इचारतीन. पोट्ट्याले तर नाही इचारणार न?"

मला माझी लाज वाटली. उद्या नेतो.

१३ जून

मेडिकलच्या बालरुग्ण विभागात भरती केलं. डॉ. पिंपळापुरे बाईंनी तपासलं. वयस्कर बाई आहेत, फार बोलत नाहीत. पोट दाबून पाहिलं, यकृत बोटभर खाली आलंय म्हणाल्या. नडगी, मनगट, केस, ओठ पाहिले. अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळ्यात आतपर्यंत पाहिलं. हातापायांचे एक्स-रे फोटो काढले. मला वाटलं मेंदूत गाठ आहे असं सांगणार. तिथे बसलेल्या सर्वांच्या तोंडाकडे पाहून माझी तीच समजूत झाली होती.

फोटो उजेडाला धरून त्यांनी विचारलं, याला कोणतं टॉनिक, कोणतं तेल देता का.

मी म्हटलं हो, जीवनसत्त्व अ देतो. गोपिकाचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं. खिशातून गोळ्यांची बाटली काढून दाखवली. मला वाटलं, निदान इतकं तरी आपण बरोबर केलंय. फेब्रुवारीपासून रोज सकाळी एक, गेल्या आठवड्यापासून दोन.

कौसल्या माझ्याकडे वळली.

"सकाळी?" ती म्हणाली. मग बाटलीकडे पाहत राहिली. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "मी संध्याकाळी देतो. अशाच गोळ्या. मावशीनं आणून देल्ल्या, गोवर आला तवापासून."

बाईंनी फोटो खाली ठेवला, चष्मा काढला आणि आम्हा दोघांना बाकावर बसायला सांगितलं.

त्यांनी जे सांगितलं ते समजलं तसं लिहितो. इतर बरीच जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची लघवीवाटे निघून जातात. हे चरबीत विरघळतं, त्याला सहज बाहेर पडायला वाट नाही. यकृत साठवतं तेवढं साठवतं. त्याची हद्द संपली की ते रक्तात मोकळं फिरतं आणि जिथे जाईल तिथे नासधूस करतं. शरीर या एकाच गोष्टीची निरनिराळी रूपं करून वापरतं. एक रूप डोळ्यात उजेड टिपतं, दुसरं कातडी आणि आतली अस्तरं नीट ठेवतं, हाडांना कसं वाढायचं ते ठरवतं. कमी पडलं तर ही कामं थांबतात, फार झालं तर हीच कामं बिघडतात. म्हणून कातडी सुटली, केस गेले, नडगीच्या हाडावर हाड चढलं. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला, म्हणून उलट्या.

मी विचारलं, आणि डोळा?

"त्याच दाबाने. डोळा बाहेर वळवणारी शीर दबली आहे. तुम्ही तो पाहून गोळी वाढवलीत, नाही का?"

मी मान हलवली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की महिनाभर उशीर केला असता तर दाबामुळे नजर कायमची गेली असती. दोन्ही डोळ्यांची.

१४ जून

बाटल्या बंद, गाजर-पपईसुद्धा सध्या बंद. दुसरं औषध नाही. दाब कमी करायला पाठीतून थोडं पाणी काढलं, तेव्हा आम्हाला बाहेर बसवलं होतं. आत तो रडत होता.

व्हरांड्यात कौसल्या आणि मी. असे शेजारी बसून किती दिवस झाले होते आठवत नाही. ती म्हणाली, "तुमचा माह्यावर भरोसा नोयता."

मी म्हटलं, नव्हता.

"माहाबी नोयता," ती म्हणाली. "तुमच्यावर नाही. माह्यावरच. गोपीच्या टायमाले मी सगळ्याइचं आयकलं. सासूचं आयकलं, बायाइचं आयकलं. मंग ठरवलं, आता कोणाले इचारायचं नाही अन् कोणाले सांगायचं नाही. तुमालेबी."

मी तिला बायजाबाईच्या दाराबाहेर उभा राहिल्याचं सांगितलं. काय वाटलं होतं तेही सांगितलं, कारण आता लपवून काय करायचं. ती पुष्कळ वेळ पदराची दशी ओढत राहिली.

"दीक्षा झाली तवा मी आठ वर्साची होती," ती म्हणाली. "बापाचा हात धरून उभी होती त्या गर्दीत. अन् तुमाले वाटलं मी देवीपाशी जातो. दार काहून नाही ढकललं तुमी?"



२१ जून

उलट्या थांबल्या. काल त्याने आपणहून वाटीभर वरण-भात खाल्ला. कौसल्या भरवत होती आणि मी वाटी धरली होती. आम्हाला दोघांनाही आता एकट्याने त्याच्या तोंडाजवळ हात न्यायची भीती वाटते. पाण्याचा घोटसुद्धा एक दुसऱ्याला सांगून देतो.

३ जुलै

घरी आणलं. डावा डोळा बराचसा सरळ झाला आहे, थकला की वळतो. डोक्यावर नवीन केसांची मऊ लव आली आहे. गोपिकाने ती चाचपून पाहिली आणि मांजरीचं पिल्लू आणलं का म्हणून विचारलं.

निघताना बाईंनी पुन्हा फोटो दाखवला. हाडांच्या टोकांशी वाढीची जागा असते. डाव्या गुडघ्याशी ती एका बाजूने मिटल्यासारखी वाटते म्हणाल्या. पाय आखूड राहील का? आज सांगता येत नाही. वाढू द्या, दर सहा महिन्यांनी दाखवा. मुलगा वाचला हे धरून चाला.

मी ते धरून चालायचा प्रयत्न करतो. कारखान्यात दिवसभर काचेच्या नळ्यांत थेंब थेंब मोजून रंग तपासतो. तिथे एक थेंब जास्त पडला तर पूर्ण नमुना फेकतो.

२४ ऑगस्ट

समोरच्या खोलीत रंभाबाई नावाच्या बाई कन्हानहून राहायला आल्या आहेत. मुलगा तिकडे कोळशाच्या खाणीत आहे, सून वारली, म्हणून तीन वर्षांची नात यांच्याजवळ. पोरगी वाळलेली आहे, पोट तेवढं पुढे.

आज दिवेलागणीला ती अंगणात खेळत होती. आजीने हाक मारली तशी उठली आणि वाटेतल्या बादलीवर जाऊन आदळली. रंभाबाई ओरडल्या, डोळे फुटले का वं. पोरगी दोन्ही हात पुढे करून जमिनीवर बादली चाचपत होती. बादली तिच्या पायाशीच होती.

मला कळलं. माझ्या दारातच उभा होतो, तिथून हललो नाही. आत येऊन कौसल्याला सांगितलं. म्हटलं, आपण कोण सांगणारे? आपण एका पोराला त्याच औषधाने मारायला निघालो होतो. उद्या काही झालं तर?

तिने कणकेचे हात पुसले. "आपल्याशिवाय या गल्लीत कोणाले ठाऊक आहे?" म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. मी मागे गेलो.

२५ ऑगस्ट

सुटी टाकली. रंभाबाई घाबरत होत्या, कौसल्या त्यांच्याजवळ बसून राहिली. डॉ. पिंपळापुरे बाईंनी पोरीची पापणी ओढली, तेव्हा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका मलाही दिसला. बुबुळ अजून स्वच्छ आहे म्हणाल्या. आज एक मात्रा, उद्या एक, मग बोलावतील तेव्हा. मधे काही द्यायचं नाही. पालेभाजी, पपई, जेवणात थोडं तेल, एवढंच.

नर्सने पिवळं तेल चमच्यात ओतलं. तोच वास आला. पोरीने तोंड उघडलं तेव्हा माझा हात नर्सच्या हाताकडे गेला होता. कौसल्याने तो धरला आणि धरूनच ठेवला.

घरी आलो तर गोपिका उंबऱ्यात वाट पाहत होती. तिला सगळं सांगावं लागलं.

"तिले दिसन का, बाबा?"

म्हटलं, दिसेल. थोड्या दिवसांत संध्याकाळचंही दिसू लागेल.

"मलेबी नेलं होतं का असंच?"

कौसल्या आतून येऊन तिच्याजवळ खाली बसली.

"नेलं होतं, गोपी," ती म्हणाली. "उशिरा नेलं."

गोपिका बरं म्हणाली, भिंतीला हात लावत उठली आणि संघपालचं बोट धरून त्याला अंगणात घेऊन गेली. तो डावा पाय जरा ओढत तिच्याबरोबर गेला.